अकरा जांभया

शिराळकर सरांनी नादकाट्यावर रबरी हातोडी मारली आणि ओसरीवरच्या चौदा मुलांनी एकदम श्वास रोखला. ऊंऽऽ असा लांब सूर निघाला. समोर वीतभर अंतरावर दुसरा नादकाटा उभा होता. त्याला कुणीच हात लावला नव्हता. त्याच्या पात्याला जेमतेम टेकेल असा थर्माकोलचा मणी दोऱ्यानं लटकवलेला होता. तो मणी टुणकन उडाला.

"मी दुसऱ्याला हात लावला?"

"नाऽही!"

"फुंकर मारली?"

"नाऽही!"

"मग मणी कुणी उडवला?"

"भुतानं," मागून रेहान नदाफ म्हणाला आणि सगळी ओसरी खिदळली.

"बरं, भुतानं. आता भूत कुठनं निघालं आणि कुठं पोचलं, ते सांग."

रेहाननं डोकं खाजवलं. "ह्या काट्यातनं निघालं... हवेतनं गेलं... त्या काट्यात शिरलं."

"झालं की मग! रस्ता सापडला की भूत उरत नाही. दोन्ही काटे एकाच सुराचे आहेत. एक थरथरला की हवा थरथरते. हवा दुसऱ्याला बारीक बारीक धक्के देते, पण नेमके त्याच्या स्वतःच्या लयीत. झोपाळ्याला वेळेवर ढकललं की लहान पोरसुद्धा मोठ्या माणसाला झुलवतं ना, तसं. याला अनुनाद म्हणायचं. काढा वह्या."

सरांच्या रविवारच्या वर्गाला फळा नव्हता, परीक्षा नव्हती, पण वहीचा नियम कडक होता. डाव्या पानावर जे दिसलं ते लिहायचं. उजव्या पानावर आपल्याला काय वाटतं ते लिहायचं. उजव्या पानावर कितीही खोडा, फाडा, चित्रं काढा. डाव्या पानाला मात्र खोडरबर लावायचा नाही. हवं ते लिहायचं नाही, झालं ते लिहायचं. तासगावातल्या दोन पिढ्या हा नियम पाठ करून मोठ्या झाल्या होत्या.

मुलं लिहायला लागली आणि सकाळच्या उन्हात सरांना जांभई आली. त्यांनी डावा पंजा तोंडासमोर धरला, उजव्या हाताची बोटं चुटकीसाठी वर नेली. अंगठा मधल्या बोटावरून नुसता घसरला, आवाज आला नाही. पण त्याच क्षणी पहिल्या ओळीतून, वहीतून मान वर न काढता, चार्वीनं चुटकी वाजवली. चट्!

कुणी हसलं नाही. मुलांना त्याची सवय होती. चार्वीला तर आपण चुटकी वाजवली हेही कळलं नसावं.

जांभई आली की चुटकी वाजवायची, नाहीतर तोंडातून जीव निघून जातो, असं सरांना त्यांच्या आईनं लहानपणी सांगितलं होतं. यात काही तथ्य नाही, असं सरांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात तीनदा तरी लिहिलं होतं. हातानं मात्र ते सदर कधी वाचलं नाही. मग चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला आणि चुटकी वाजेनाशी झाली. चार्वी तेव्हा पाच वर्षांची होती. "आबा, तुमची चुटकी मुकी झाली," ती म्हणाली होती. "मी वाजवू? नाहीतर तुमचा जीव जाईल." तेव्हापासून जांभई आबांची आणि चुटकी चार्वीची, अशी वाटणीच झाली होती. ती परसात असली आणि आबांच्या जांभईचा 'आऽ' तिच्या कानावर पडला, तरी परसातून चट् असा आवाज यायचा.

चार्वी त्यांच्या मुलीची मुलगी. ऋजुता डेंग्यूनं गेली, तेव्हा चार्वी तीन वर्षांची होती. जावई पराग हैदराबादला नव्या नोकरीत, पार कोसळलेला. "सहा महिने सांभाळा, बाबा," असं म्हणून तो पोरीला तासगावला ठेवून गेला. सरांची पत्नी आधीच गेलेली. साठी उलटलेला एकटा माणूस वेणी घालायला शिकला, फ्रॉकची बटणं लावायला शिकला. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली.

*

जांभईचं सदर सरांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. 'असं का?' या त्यांच्या रविवारच्या सदरासाठी मुलं प्रश्न पाठवत. मांजराच्या मिशा कशाला असतात, उकळत्या चहावर साय का धरते, आरशात डावं-उजवं बदलतं मग वर-खाली का नाही. त्या आठवड्याचा प्रश्न होता: एकाला जांभई आली की दुसऱ्याला का येते?

सरांनी आधी खरं काय ते सांगून टाकलं. मुळात जांभई का येते, हेच अजून कुणाला नक्की ठाऊक नाही. तापलेला मेंदू थंड करायला येते असं काही जण म्हणतात, पेंगुळलेल्याला सावध करायला येते असं काही जण. पण ती लागते, हे नक्की. पाहून लागते, ऐकून लागते, तिच्याविषयी वाचतानाही लागते. या ओळीवर तुमचा जबडा जड झाला असेल तर त्यात तुमचा दोष नाही. अगदी लहान मुलांना दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही. चार-पाच वर्षांनंतर, समोरच्याचं मन थोडं थोडं कळू लागतं त्या सुमाराला, ती लागू लागते. आणि गंमत अशी की परक्याची कमी लागते, ओळखीच्याची जास्त, आणि घरच्या माणसाची सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लवकर. माणसंही नादकाट्यांसारखी असतात, असं सरांनी लिहिलं.

त्याच वर्षी 'आप्तमापक' बाजारात आला होता. छताला चिकटवायची पांढरी वाटी, एवढंच त्याचं रूप. खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा ती वाटी पाहत राही. तोंड उघडून दिलेली जांभईच नव्हे, ओठ मिटून गिळलेली जांभईसुद्धा तिला कळे. नाकपुड्या जराशा फुगतात, कानापुढचा स्नायू ताणला जातो, डोळ्यांत पाणी तरळतं, हे ती टिपे. कुणाच्या जांभईमागून किती सेकंदांनी कुणाला जांभई आली, याची नोंद होत जाई आणि त्यावरून कोण कुणाच्या किती जवळचं, याचा आकडा निघे. आधी शाळांनी बाकांवर जोड्या लावायला तो घेतला. मग वृद्धाश्रमांनी खोल्या वाटायला. लग्न जुळवणारे पत्रिकेसोबत आप्तांक मागू लागले. शेवटी कौटुंबिक न्यायालयांच्या समुपदेशन केंद्रांत तो लागला, कारण आई-बापांच्या भांडणात लहान मूल भीतीनं काय बोलेल याचा नेम नसतो.

सरांना हे सगळं फार आवडलं होतं. आयुष्यभर ते मुलांना सांगत आले होते की वाद घालू नका, मोजा. जांभईच्या त्या सदराच्या शेवटी त्यांनी लिहिलंच होतं, 'माणूस खोटं बोलतो, त्याची जांभई बोलत नाही.' संपादकांनी तेच वाक्य मथळ्याला घेतलं.

*

बेदाण्याच्या हंगामात, मार्चमध्ये, पराग आला. सोबत त्याची दुसरी बायको शर्वरी होती. शांत बाई, आल्या आल्या तिनं चार्वीची वही मागून घेतली आणि अंगणात तिच्याशेजारी जमिनीवर बसून वाचत राहिली.

"बाबा, तुमच्यापासून तोडायची नाहीये तिला," पराग म्हणाला. त्यानं चहाला हात लावला नव्हता. "पण आता माझं घर लागलंय. रोज फोनवर बघतो तिला. फोनवर बाप होता येतं का हो? पुढच्या वर्षी ती दहाची होईल. मग ती मला ओळखेल, पण माझी राहणार नाही."

"आणि माझी आहे ती?"

"तुमची आहेच. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसलो. पण आता अर्ज करणार आहे. चोरून काही करायचं नव्हतं, म्हणून सांगायला आलो."

सर बराच वेळ नादकाट्याचा लाकडी खोका पुसत राहिले. मग म्हणाले, "कर अर्ज. पण एक ऐक. शेजाऱ्यांच्या साक्षी, तू माझं वय काढायचंस, मी तुझी सहा वर्षं काढायची, हे चारूच्या कानावर जायला नको. आपण मोजू. आप्तमापकाची चाचणी मी स्वतःच मागतो."

पराग दचकला. "माया मोजायची, बाबा?"

"का? ताप आला तर मोजतोस ना? ताप काय दिसतो डोळ्यांना?"

"मला नाही पटत. आकडा काही आला, आणि तो चुकीचा असला तर?"

"आकडा चुकत नाही रे. माणसं चुकतात."

पराग सासऱ्यांकडे पाहत राहिला. हरायची भीती या माणसाला शिवलेलीच नाही, हे त्याला दिसत होतं. "तुमची इच्छा," तो म्हणाला.

*

समुपदेशन केंद्रातल्या खोलीत सोफा होता, खेळणी होती, रंगीत खडू होते आणि छताला पांढरी वाटी. बाहेरच्या भिंतीवर चौकटीत एक वाक्य लावलं होतं: 'माणूस खोटं बोलतो, त्याची जांभई बोलत नाही.' खाली सरांचं नाव. चार्वीनं ते मोठ्यानं वाचलं. "आबा, तुम्ही तर भिंतीवर!"

केंद्राच्या प्रमुख रुखसाना मुजावर. वीस वर्षांपूर्वी त्याही सरांच्या ओसरीवर बसत. "सर, आज तुम्ही पाहुणे," त्या म्हणाल्या. "आत दोन तास नुसतं बसायचं. समोर कंटाळवाणी फिल्म चालू असेल, एवढंच. चार्वी, तू पाहिजे ते कर."

चार्वी आबांच्या उजव्या हाताला, सोफ्याला टेकून जमिनीवर बसून चित्र काढत होती. पडद्यावर एक माणूस संथपणे गवत कापत होता. सरांना जांभया आल्या. काही मोठ्या, काही लहान. दोन तास छान गेले. चार्वीनं हत्ती काढला, त्याला चष्मा काढला आणि 'हे आबा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पराग आणि चार्वी तसेच दोन तास बसले.

आठवड्यानं मुजावर मॅडमनी सरांना बोलावलं. सोबत आलेली चार्वी बाहेरच्या बाकावर बसली. कागद टेबलावर उलटा ठेवला होता.

"सर, आधी पाणी घ्या."

"अगं, दाखव ना."

त्यांनी कागद उलटला. वडील आणि मूल: वडिलांच्या नऊ जांभया, त्यांतल्या पाच मुलीला लागल्या. जवळीक मध्यम. आजोबा आणि मूल: आजोबांच्या अकरा जांभया. मुलीला लागल्या शून्य.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "वाटी बिघडली असेल."

"तपासलीय, सर. दोनदा."

"पण अनोळखी माणसाचीसुद्धा दहातली एखादी लागते गं. शून्य कसं येईल?"

"मलाही तेच कळत नाहीये," मुजावर मॅडम म्हणाल्या. "यंत्र याला 'तुटलेपण' म्हणतं. न्यायाधीश नुसत्या आकड्यावर निकाल देत नाहीत. पण आकडा समोर असला की त्यांची नजर तिथंच जाते, हे तुम्हाला मी काय सांगू."

घरी येताना बसमध्ये चार्वी त्यांच्या दंडाला टेकून झोपली. तिच्या डोक्याचं वजन त्यांना जाणवत होतं. आयुष्यात पहिल्यांदा समोरची गोष्ट आणि कागदावरचा आकडा यांत कुणाला खरं मानायचं, हे त्यांना ठरवता येईना. आणि याचीच त्यांना जास्त भीती वाटली, की त्यांचं मन पुन्हा पुन्हा आकड्याकडे झुकत होतं. सहा वर्षं पोर राहिली ती दुसरं घर नव्हतं म्हणून? वेणीसाठी मान पुढे केली ती नाइलाजानं?

*

तीन दिवसांनी ते एकटेच केंद्रात गेले आणि चाचणीचं चित्रण मागितलं. वाटी आवाज टिपत नसे. खासगीपणाचा नियम होता. चित्रही फक्त चेहऱ्यांचं. पडद्यावर दोन वर्तुळं, एकात त्यांचा चेहरा, एकात चार्वीचा, बाकी सगळं राखाडी. सरांनी वही उघडली आणि डाव्या पानावर लिहायला घेतलं.

पहिली जांभई. चार्वीचा चेहरा स्थिर. दुसरी. स्थिर. तिसऱ्या वेळी त्यांना वर्तुळाच्या अगदी काठाला काहीतरी हललेलं दिसलं. त्यांनी मागं नेऊन पाहिलं. त्यांची जांभई संपता संपता चार्वीच्या फ्रॉकची उजवी कॉलर इवलीशी वर उचलली गेली आणि खाली आली. चौथ्या जांभईला पुन्हा. पाचव्याला पुन्हा. त्यांनी सेकंद मोजले. दीड. एक. सव्वा.

अकराच्या अकरा वेळा.

"रुखसाना!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरचा शिपाई आत आला. "अगं, चुटकी! ती चुटकी वाजवतेय! तिचा खांदा बघ. आपण ह्या काट्याकडे बघत बसलो आणि मणी तिकडं उडत होता!" ते हसत होते आणि चष्म्याखालून डोळे पुसत होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुका अंगठा, चार वर्षांची वाटणी. जांभई चार्वीपर्यंत पोचत होतीच, घरच्या माणसाची पोचावी तितकी लवकर. पण तिच्या जबड्याकडे जाण्याऐवजी ती तिच्या बोटांत उतरत होती. आणि चुटकी इतकी सवयीची झाली होती, की त्या खोलीत अकरा वेळा चट् असा आवाज झाला तरी दोघांपैकी एकालाही तो ऐकू आला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसा.

मुजावर मॅडमनी चित्रण तीनदा पाहिलं. "दिसतंय, सर. मला स्वच्छ दिसतंय. पण नोंदीच्या यादीत चुटकी नाही. यंत्र फक्त जांभई मोजतं."

"मग यादी चुकीची आहे."

"असेल. मी टिपण लिहीन, दुसरी चाचणी मागून घेईन. मिळेल. पण त्यात तोच आकडा आला, तर माझ्या टिपणाला कुणी विचारणार नाही." त्यांनी पडदा बंद केला. "आणि सर, चार्वीला यातलं काहीही सांगू नका. आपल्या जांभईवर कुणाची नजर आहे हे कळलं, की ती येत नाही. तुमच्याच सदरात वाचलंय मी."

"माहीत आहे गं मला," सर म्हणाले.

*

नऊ दिवस ते गप्प राहिले. रोज जांभई येई आणि रोज कुठून तरी चट् होई. इतकी वर्षं न ऐकू आलेला तो आवाज आता त्यांना टोचू लागला. प्रत्येक चुटकीबरोबर एक शून्य पडतंय, असं वाटे. ही अशीच वाजवत राहिली तर पुन्हा अकराला शून्य. पुन्हा तुटलेपण. आणि मग हैदराबाद.

दहाव्या दिवशी, शाळेतून आल्यावर ती परसात पेरूच्या फांदीला लोंबकळत होती, तेव्हा ते म्हणाले, "चारू, त्या खोलीत परत जायचंय आपल्याला. तिथं चुटकी वाजवायची नाही."

"का?"

"ते यंत्र जांभया मोजतं. चुटकी वाजवलीस की तुझी जांभई अडते."

तिनं फांदी सोडली. "म्हणजे मला तुमची जांभई लागली पाहिजे?"

"लागली पाहिजे असं नाही गं. यायची ती येऊ दे, एवढंच."

"आणि नाही आली तर?"

प्रश्नाला कधी न अडखळणारे सर अडखळले. "येईल," ते म्हणाले.

"नाही आली तर मला पप्पांकडे जायला लागणार ना? मला वाचता येतं, आबा. तो कागद तुमच्या वहीत होता."

त्या संध्याकाळी सरांनी तिला आरशासमोर उभी राहिलेली पाहिलं. ती तोंड उघडून मिटून पाहत होती. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांना जांभई आली. त्यांचा पंजा वर गेला, मुका अंगठा घसरला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा घरात काहीच वाजलं नाही. चार्वी ताटावर बसून टक लावून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते.

तेव्हाच त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. पण सांगितलेलं परत घेता येत नाही.

*

दुसऱ्या चाचणीत सरांना सात जांभया आल्या. चार्वीनं खडूंना हात लावला नाही. ती सोफ्यावर त्यांच्याकडे तोंड करून ताठ बसली होती, हात मांड्यांखाली, नजर त्यांच्या ओठांवर. प्रत्येक जांभईला तिचे डोळे मोठे होत, ती वाट पाही, आणि काही येत नसे. भीती जागी असली की शरीर पेंगत नाही. हे सर जाणत होते. मुलांना त्यांनी ते किती सोप्या शब्दांत सांगितलं असतं.

पाचव्या जांभईनंतर ती पुढं वाकली आणि कुजबुजली, "आबा, येतच नाहीये. खोटी काढू?"

यंत्राला खोटी जांभई ओळखता येते की नाही, सरांना ठाऊक नव्हतं. कदाचित ओळखता आली नसती. हो म्हटलं असतं तर कदाचित सातपैकी दोन लागल्या असत्या, आणि दोन पुरल्या असत्या. त्यांनी समोरच्या लहानशा चेहऱ्याकडे पाहिलं. हिला त्यांनी एकच गोष्ट मनापासून शिकवली होती.

"नको," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला तेच उत्तर अपेक्षित होतं.

सातला शून्य. मुजावर मॅडमचं चार पानी टिपण निकालपत्रात एका ओळीत आलं: 'आजोबांच्या सवयीविषयीचं म्हणणं विचारात घेतलं.' चार्वीनं जूनपासून वडिलांकडे राहावं, सुट्ट्यांत तासगावला यावं, असं ठरलं.

पराग न्यायला आला तेव्हा जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. "बाबा, तुम्हीही चला काही दिवस," तो म्हणाला. सरांनी उन्हाळा, गुडघे, रविवारचा वर्ग, अशी कारणं दिली. चार्वी गाडीत बसेपर्यंत रडली नाही. गाडी सुरू झाल्यावर तिनं काच खाली केली. "आबा, मी खरंच प्रयत्न केला होता," ती म्हणाली.

*

सरांनी सदरात चार ओळींची दुरुस्ती पाठवली: जांभईविषयी मी जे ठामपणे लिहिलं होतं, ते तितकं ठाम नाही. जे यंत्राच्या यादीत नाही, ते घडलं नाही असं समजू नये. संपादकांनी ती शब्दकोड्याच्या उत्तराखाली छापली. केंद्राच्या भिंतीवरची चौकट होती तिथंच राहिली.

जुलैत एका रविवारी वर्ग सुटल्यावर रेहान मागं थांबला. "सर, ही चारूची वही. खोक्याखाली सापडली."

तो गेल्यावर सरांनी ती उघडली. नादकाटे होते, मांजराच्या मिशा होत्या, साय होती. मग शेवटचं लिहिलेलं पान. डाव्या बाजूला, सुवाच्य अक्षरात, कुठंही खाडाखोड न करता:

'पहिली वेळ. आबा ११, मी ०. दुसरी वेळ. आबा ७, मी ०. पप्पा ९, मी ५.'

उजव्या पानावर बरंच खोडलेलं होतं. एक हत्ती होता, त्याला चष्मा होता, तोही खोडलेला. सगळ्यात खाली एक वाक्य तेवढं शाबूत होतं:

'मला वाटतं, मला आबा आवडतात असं मला नुसतंच वाटत होतं.'

ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. मग त्यांनी हैदराबादला फोन लावला. पडद्यावर चार्वी आली. केस कापले होते. मागं नवं टेबल होतं, त्यावर पृथ्वीचा गोल.

"आबा! पप्पांनी मला सूक्ष्मदर्शक आणलाय."

"वा! काय काय बघितलंस?"

"कांद्याची साल. आणि शर्वरीमावशीचा केस. शाळेत आता तेलुगू पण आहे."

"चारू, तुझी वही सापडली."

तिनं मागं वळून गोल फिरवला.

"त्यातलं शेवटचं उजवं पान चुकलंय बाळा."

"पण डावं बरोबर आहे ना, आबा?"

"डावं अपुरं आहे. तू चुटकी लिहिलीच नाहीस. अकरा वेळा मला जांभई आली आणि अकरा वेळा तू चुटकी वाजवलीस. मी मोजल्यात. तुझी जांभई बोटांत होती. नादकाट्याचा मणी आठवतो ना? तसा तो..." एवढी साधी गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी इतकी अवघड करून सांगितली नव्हती.

चार्वीनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर एक समजूतदारपणा होता, दमलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना मोठी माणसं आणतात तसा. नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडावर तो पाहवत नव्हता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगता ना? हवं ते लिहायचं नाही."

दुपारची वेळ होती, आणि इतका वेळ जांभईविषयीच बोलणं चाललं होतं. त्यांचा जबडा जड झाला. आवरेपर्यंत आलीच. डावा पंजा तोंडासमोर गेला. पंजाच्या कडेवरून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चार्वीचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले होते. तिचे दोन्ही खांदे सावकाश खाली गेले. हात पडद्यात दिसत नव्हते, पण ते कुठं गेले हे सरांना ठाऊक होतं.

त्यांनी उजवा हात वर नेला. अंगठा बोटावरून घसरला. कोरड्या कातडीचा घासल्यासारखा आवाज झाला, बाकी काही नाही. सवयीनं ते क्षणभर थांबले.